संशोधन म्हणजे नेमकं काय असतं? गणितापासून पारलिंगी आरोग्यापर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘संशोधनातून सिद्ध झालंय’ असं म्हटलं की वाद संपावा, अशी सांगणाऱ्याची अपेक्षा असते. पण गणितात सिद्ध होणं, भौतिकशास्त्रात सापडणं आणि वैद्यकात ‘फायदा दिसला’ म्हणणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एमएस्सीचे विद्यार्थी, त्यांचे पालक, बातम्या लिहिणारे आणि हॉर्मोन सुरू करण्याच्या विचारात असलेले पारलिंगी (ट्रान्सजेंडर) वाचक यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही.

सैद्धांतिक भौतिकशास्त्र, गणित आणि पारलिंगी आरोग्य ही मोट एकत्र कशी बांधली?

मुद्दाम बांधली. गणितात एकट्या माणसाने खोलीत बसून लिहिलेली वीस पानं जगभर कायमची खरी ठरू शकतात. पारलिंगी आरोग्यात हजारो लोकांची वीस वर्षांची नोंद हाताशी असूनही उत्तर ‘बहुतेक’ असंच येतं. दोन्हीकडची माणसं तितकीच हुशार आणि तितकीच प्रामाणिक असतात, फरक प्रश्नांच्या जातीत आहे. ही दोन टोकं शेजारी ठेवली की मधलं बरंच काही आपोआप कळतं. शिवाय दोन्ही विषयांवर न वाचता ठाम मतं मांडणारे लोक मुबलक आहेत.

गणितात एखादी गोष्ट सिद्ध झाली हे ठरवतं कोण?

पुस्तकी उत्तर: तर्क. प्रत्यक्षातलं उत्तर: तो तर्क वाचून पटलेली माणसं.

आयआयटी कानपूरचे मणींद्र अगरवाल आणि त्यांचे नुकतेच बीटेक झालेले दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी ऑगस्ट २००२ मध्ये नऊ पानांचा एक पेपर खुला केला. दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि खात्रीने ठरवणारी पद्धत त्यात होती. जगभरच्या तज्ज्ञांनी ती पानं वाचली आणि काही दिवसांतच निर्वाळा दिला की बरोबर आहे. ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये तो पेपर छापून आला २००४ मध्ये. म्हणजे छपाईच्या दोन वर्षं आधीच निकाल लागला होता.

रशियाच्या ग्रिगोरी पेरेलमनने २००२ आणि २००३ मध्ये तीन पेपर इंटरनेटवर टाकले आणि ते कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवलेच नाहीत. त्यात शंभर वर्षं रखडलेल्या प्वांकारे अनुमानाची सिद्धता होती. इतरांनी तीन-चार वर्षं खपून प्रत्येक पायरी तपासली. २००६ मध्ये त्याला फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान जाहीर झाला, त्याने नाकारलं. २०१० मध्ये दहा लाख डॉलर देऊ केले गेले, तेही नाकारले.

आता उलटा किस्सा. क्योटोचे शिनिची मोचिझुकी यांनी २०१२ मध्ये ‘एबीसी अनुमान’ हे संख्यांबद्दलचं कोडं सिद्ध केल्याचा दावा करणारे पाचशेहून अधिक पानांचे चार पेपर मांडले. पेटर शोल्झ आणि याकोब श्टिक्स हे दोन जर्मन गणिती २०१८ मध्ये क्योटोला जाऊन त्यांच्याशी बोलले आणि परत येऊन म्हणाले की एका ठिकाणी तर्कात भोक आहे, आणि ते बुजत नाही. तरीही २०२१ मध्ये मोचिझुकींच्याच संस्थेच्या नियतकालिकात ते पेपर छापले गेले. जपानबाहेरचे संख्या-सिद्धांताचे बहुतेक अभ्यासक आजही एबीसी अनुमान सुटलेलं नाही असंच धरून चालतात. पेरेलमनचे पेपर कुठेच छापले नाहीत आणि ते मान्य झाले, हे छापले आणि मान्य झाले नाहीत. ‘पेपर छापून आलाय’ एवढ्यावर विश्वास टाकणाऱ्यांनी ही जोडी लक्षात ठेवावी.

मग माणसांऐवजी कॉम्प्युटरनेच तपासलं तर?

ते सुरू झालं आहे. संत्री किंवा तोफगोळे कसे रचले तर कमीत कमी जागा वाया जाते, हा केप्लरचा प्रश्न. टॉमस हेल्सने १९९८ मध्ये त्याची सिद्धता दिली, पण तिच्यात कॉम्प्युटरची प्रचंड आकडेमोड होती. बारा रेफरींनी, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांनी, काही वर्षं झटून शेवटी कळवलं की आमची ९९ टक्के खात्री आहे, यापुढे तपासणं आम्हाला झेपत नाही. गणितात ९९ टक्के हा जवळजवळ अपमानच. हेल्सने मग सगळी सिद्धता यंत्राला तपासता येईल अशा भाषेत पुन्हा लिहायचा प्रकल्प काढला, तो २०१४ मध्ये पुरा झाला. शोल्झनेही २०२० मध्ये आपल्याच एका प्रमेयाबद्दल शंका वाटून ते ‘लीन’ या सिद्धता तपासणाऱ्या कॉम्प्युटर प्रणालीत तपासून मागितलं आणि दीड वर्षात तपासून मिळालं. आपल्याच कामावर जाहीरपणे शंका घेणारा इतका मोठा माणूस विरळा.

‘प्रीप्रिंट’ म्हणजे काय? त्यावर भरवसा ठेवावा का?

तज्ज्ञांच्या तपासणीआधी लेखकाने स्वतःच जगासमोर ठेवलेला पेपर. पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये लॉस अलामोसमध्ये यासाठी ‘आर्काइव्ह’ सुरू केलं, २००१ पासून ते कॉर्नेल विद्यापीठात आहे. आता तिथे महिन्याला वीस हजारांहून जास्त पेपर येतात. सैद्धांतिक भौतिकशास्त्रात तर सकाळचा चहा आणि आर्काइव्हची नवी यादी हे एकत्रच चालतं. नियतकालिकात पेपर येईपर्यंत वाचणाऱ्यांचं तो वाचून झालेला असतो.

वैद्यकाचं ‘मेडआर्काइव्ह’ मात्र जून २०१९ मध्ये उघडलं, म्हणजे जवळपास अठ्ठावीस वर्षं उशिरा, आणि हा उशीर आळसाने झालेला नाही. स्ट्रिंग सिद्धांतावरचा चुकीचा पेपर वाचून कोणी गोळ्या घ्यायला सुरुवात करत नाही. औषधावरचा चुकीचा पेपर वाचून करतात, हे कोविडच्या काळात आपण पाहिलंच. तेव्हा गणित-भौतिकशास्त्राचा प्रीप्रिंट बिनधास्त वाचा. आरोग्याचा प्रीप्रिंट वाचा, पण त्यावरून डोस बदलू नका.

सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ दिवसभर करतात काय? प्रयोग तर करत नाहीत.

फळ्यावर खडूने लिहितात, पुसतात, भांडतात, चहा पितात, कोड लिहितात. बहुतेक कल्पना आठवड्याभरात मरतात. उरलेल्यांपैकी काहींना वाट पाहावी लागते. हिग्ज कण कागदावर आला १९६४ मध्ये, सापडला २०१२ मध्ये. आइन्स्टाइनने गुरुत्वीय लहरींचं भाकीत केलं १९१६ मध्ये, त्या पहिल्यांदा पकडल्या गेल्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी.

या दुसऱ्या गोष्टीत पुण्याचा वाटा आहे. लहरीचा संकेत गोंगाटात इतका बुडालेला असतो की तो कसा दिसेल हे आधी माहीत असेल तरच सापडतो. त्यासाठी कोणत्या नमुन्यांशी ताडून पाहायचं, यावरचं पायाभूत काम संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत १९९०च्या सुमारास केलं. त्या वेळी लहरी पकडणारं यंत्रच नव्हतं. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया हे असं यंत्र उभं राहतंय, केंद्राने २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

आणि ज्यांचा सिद्धांत जिंकत नाही त्यांचं काय? जयंत नारळीकरांकडे पाहा. विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली हे त्यांना अखेरपर्यंत पटलं नाही. हॉइल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसोबत त्यांनी १९९३ मध्ये पर्यायी सिद्धांत मांडला. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. पण त्यांनी पुण्यात उभी केलेली आयुका महास्फोट मानणाऱ्या संशोधकांनी भरलेली होती, आणि त्यात कोणाचं काही बिनसलं नाही. आपल्याकडच्या अनेक विद्यापीठांतल्या विभागांना हे शिकण्यासारखं आहे, जिथे गाइडच्या मताविरुद्ध प्रबंध लिहायची टाप नसते.

‘पाच सिग्मा’ म्हणजे काय? वैद्यकात तो नियम का नाही?

समजा नवीन काहीच नाही, नुसता योगायोग आहे. तरीही एवढा ठळक आकडा दिसण्याची शक्यता किती? ती साधारण पस्तीस लाखांत एक इतकी कमी असेल तेव्हाच कणभौतिकीत ‘शोध लागला’ म्हणतात. वैद्यकात बहुतेक वेळा वीसात एक एवढ्यावर काम भागवतात.

ही वैद्यकाची ढिलाई वाटते, पण नुसत्या गणितावर विसंबून राहाल तर फसाल. सप्टेंबर २०११ मध्ये ‘ऑपेरा’ प्रयोगाने सांगितलं की जिनिव्हाहून इटलीतल्या ग्रान सास्सोला जाणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. त्यांची खात्री सहा सिग्मांची होती, म्हणजे नियमाहूनही जास्त. जगभर बातम्या झाल्या. काही महिन्यांनी कळलं की ऑप्टिकल फायबरची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. सिग्मा योगायोगापासून वाचवतो, सैल केबलपासून वाचवत नाही. वैद्यकातल्या सैल केबली म्हणजे कोणाला अभ्यासात घेतलं, कोण मधेच सोडून गेलं आणि तुलना कोणाशी केली. पुढची दोन उत्तरं त्यावरच आहेत.

पारलिंगी उपचारांचा पुरावा ‘कमकुवत’ आहे असं म्हणतात. म्हणजे ते उपचार चुकीचे आहेत का?

नाही, आणि इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच प्रश्नावर आहे.

वैद्यकात पुराव्याला प्रत लावतात: उच्च, मध्यम, कमी, फार कमी. ही प्रत सांगते की पुढच्या अभ्यासाने आजचा आकडा बदलण्याची शक्यता किती. उपचार लागू पडतो की नाही याचं ते थेट उत्तर नसतं. सगळ्यात वरची प्रत मिळते ती चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेल्या आणि कोणाला खरं औषध मिळतंय हे कोणालाच माहीत नसलेल्या चाचण्यांना. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनच्या बाबतीत हे गुपित राहणार कसं? काही महिन्यांत आवाज फुटतो, दाढी येते. साखरेची गोळी घेणाऱ्याला लगेच कळतं.

तरी वाट काढता येते. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत ६४ प्रौढांपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकून लगेच टेस्टोस्टेरॉन दिलं, निम्म्यांना तीन महिन्यांनी. तिथे एरवीही तेवढं थांबावं लागतंच, त्यामुळे कोणावर अन्याय झाला नाही. लगेच मिळालेल्यांमध्ये शरीराविषयीची घालमेल, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी झाल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. छोटा अभ्यास, थोडा काळ, पण बांधणी नेटकी.

प्रौढांपेक्षा किशोरवयीनांबद्दलचा वाद जास्त तापलेला आहे. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या अहवालाने एप्रिल २०२४ मध्ये म्हटलं की वयात येणं थांबवणाऱ्या औषधांबद्दलचा पुरावा कमजोर आहे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने ती औषधं नेहमीच्या उपचारातून त्याआधीच काढली होती. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने त्याच वर्षी म्हटलं की आपला सल्ला बदलावा असं नवीन संशोधन या अहवालात नाही. दोघांपुढचे पेपर जवळपास तेच होते. भांडण आकड्यांवर कमी आणि अनिश्चितता असताना काय करावं यावर जास्त आहे. औषध न देणं हाही एक निर्णयच आहे आणि त्याचेही परिणाम असतात. दुसरीकडे, देणाऱ्याने दीर्घकाळ नोंद ठेवायला हवी होती आणि अनेक ठिकाणी ती ठेवली गेली नाही, ही तक्रारही रास्त आहे. बालरोगातल्या कितीतरी रूढ उपचारांमागचा पुरावाही याच प्रतीचा असतो, फक्त त्यावर टीव्हीवर चर्चा होत नाही.

‘शस्त्रक्रियेनंतर आत्महत्या वाढतात’ हे स्वीडनच्या संशोधनात सिद्ध झालंय ना?

नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १९७३ ते २००३ या काळात लिंगबदलाची शस्त्रक्रिया झालेल्या ३२४ पारलिंगी लोकांची तुलना स्वीडनच्या सर्वसाधारण जनतेशी केली होती. शस्त्रक्रिया न झालेल्या पारलिंगी लोकांशी तुलना केलेलीच नव्हती. त्यातून एवढंच कळतं की शस्त्रक्रियेनंतरही या लोकांचं जगणं बाकीच्यांपेक्षा अवघड राहिलं आणि त्यांना पुढेही मानसिक आधार लागतो. शस्त्रक्रियेने बिघडलं की सुधारलं, हे त्या बांधणीतून कळूच शकत नाही. पेपरमध्येच लेखकांनी तसा अर्थ काढू नका असं लिहिलंय. तो परिच्छेद कोणी फॉरवर्ड करत नाही.

दुसऱ्या बाजूलाही हा मोह होतो. स्वीडनच्याच नोंदींवर आधारलेल्या आणखी एका पेपरने २०१९ मध्ये म्हटलं की शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांगणिक मानसिक उपचारांची गरज कमी होत जाते. आनंदाने तो सगळीकडे फिरला. आक्षेप आले, आकडे पुन्हा तपासले गेले आणि ऑगस्ट २०२० मध्ये नियतकालिकाने दुरुस्ती छापली की शस्त्रक्रियेच्या फायद्याचा तो निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही. तेव्हा कोणताही पेपर हाती आला की पहिला प्रश्न विचारा: तुलना कोणाशी?

पारलिंगी असणं हा आजार आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत हे मानसिक विकारांच्या प्रकरणात नाही. ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नोंद ठेवली आहे, ती उपचार आणि विमा मिळावा म्हणून.

हॉर्मोनबद्दल बऱ्यापैकी पक्कं काय माहीत आहे?

वाटतं त्यापेक्षा बरंच. टेस्टोस्टेरॉनने जाड झालेला आवाज औषध थांबवलं तरी पूर्ववत होत नाही. इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनने मात्र आवाज बारीक होत नाही, त्यासाठी आवाजाचा सराव करावा लागतो. टेस्टोस्टेरॉनने हिमोग्लोबिन वाढतं. पाळी थांबली म्हणजे गर्भधारणा होणार नाही असं धरू नये, टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये असतं ते एथिनिल इस्ट्राडिऑल रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवतं, म्हणून ट्रान्स स्त्रियांसाठी (जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेल्या स्त्रियांसाठी) डॉक्टर ते टाळतात. आपल्याकडे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गर्भनिरोधक गोळ्या आणून दिवसाला दोन-तीन घेतल्या जातात, तिथे नेमका हाच धोका पत्करला जातो.

ॲमस्टरडॅमच्या एका क्लिनिकमध्ये नेदरलँड्सचे बहुतेक पारलिंगी रुग्ण जातात आणि त्यांची अनेक दशकांची नोंद आहे. २०१९ मध्ये त्यातल्या २,२६० ट्रान्स स्त्रियांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाच्या १५ घटना सापडल्या. हे प्रमाण सर्वसाधारण पुरुषांपेक्षा बरंच जास्त, पण सर्वसाधारण स्त्रियांपेक्षा कमी. याचा व्यावहारिक अर्थ: घाबरू नका, पण तपासणीच्या वेळी डॉक्टरांना हॉर्मोनचा इतिहास सांगा.

लॅबच्या रिपोर्टबद्दलही बोलायला हवं. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन यांच्या ‘नॉर्मल’ मर्यादा स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या छापतात आणि लॅबवाला आधार कार्डावरचं लिंग पाहून छापतो. वर्षभर टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याच्या रिपोर्टवर स्त्रियांच्या मर्यादा छापल्या तर हिमोग्लोबिनपुढे लाल खूण येते आणि घरच्यांची झोप उडते. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, लाल खुणेवरून निष्कर्ष काढू नका.

भारतात या विषयावर संशोधन होतं का?

होतं, पण एकांगी. इथला बराचसा पैसा एचआयव्हीच्या निमित्ताने आला, त्यामुळे प्रश्नही त्याच भोवती फिरले. मुंबईच्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्था नसत्या तर तेवढंही झालं नसतं. हाडं, हृदय, म्हातारपण, हॉर्मोनचा दीर्घकाळचा परिणाम यांवर भारतीय शरीरांची माहिती फारच थोडी आहे.

मोजणीपासूनच अडचण आहे. २०११च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री आणि पुरुषाखेरीज ‘इतर’ असा रकाना आला. त्यात देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ लोक नोंदले गेले. दारात आलेल्या प्रगणकाला कुटुंबप्रमुखाने काय सांगितलं असेल, याचा विचार केला की हा आकडा तळाचा आहे हे उघड होतं.

संस्थांमार्फत माणसं गोळा केली की हिजडा समुदायाच्या डेऱ्यात राहणाऱ्या, गुरू-चेल्याच्या नात्यात असलेल्या व्यक्ती सापडतात. हिंजवडीत नोकरी करणारा ट्रान्स पुरुष त्या यादीत येत नाही. मग ‘भारतातले पारलिंगी’ म्हणून जे चित्र छापलं जातं, ते एका कोपऱ्याचं असतं. हे आपल्याकडेच होतं असंही नाही. एचआयव्हीपासून बचाव करणाऱ्या गोळीची ‘आयप्रेक्स’ ही मोठी चाचणी २०१० मध्ये गाजली. त्यात २,४९९ जण होते आणि सगळ्यांची गणना ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ अशी केली होती. पुढे २०१५ मध्ये आकडे वेगळे काढले तेव्हा कळलं की त्यातल्या ३३९ ट्रान्स स्त्रिया होत्या आणि त्यांच्यात गोळी मिळालेल्या गटात ११, साखरेची गोळी मिळालेल्या गटात १० जणींना लागण झाली, म्हणजे फरकच नाही. मात्र ज्यांच्या रक्तात औषध पुरेसं सापडलं, त्यांच्यात लागण नव्हती. गोळी काम करत होती. ती रोज का घेतली जात नव्हती, हे त्यांना ट्रान्स स्त्रिया म्हणून कोणी विचारलंच नव्हतं.

आमच्यावर संशोधन करायचंय म्हणून कोणी आलं तर काय विचारायचं?

पहिलं, एथिक्स कमिटीची मंजुरी कोणत्या संस्थेची आहे आणि कागद दाखवा. दुसरं, संमतीपत्र मराठीत द्या आणि त्याची प्रत माझ्याकडे राहू द्या. तिसरं, मधेच सोडलं तर माझ्या उपचारांवर परिणाम होणार का? उत्तर ‘नाही’च असलं पाहिजे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागा, ती इंटरनेटवर कोणालाही पाहता येते.

गुरूने होकार दिला म्हणजे चेल्यांचा होकार झाला, असं नसतं. प्रत्येकीची संमती वेगळी, आणि शक्यतो गुरूसमोर नको. एमएच्या प्रोजेक्टसाठी गूगल फॉर्म पाठवणारे विद्यार्थी चांगल्या मनाचे असतात, पण फॉर्मवर ना कॉलेजचं नाव, ना कमिटीचं, आणि पहिलाच प्रश्न ‘तुमची सर्जरी झाली आहे का?’ असा असेल तर तो न भरण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

पेपरवरच्या नावांच्या क्रमाला काही अर्थ असतो का?

विषयावर अवलंबून. गणितात आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या काही शाखांत नावं आडनावाच्या वर्णक्रमाने येतात. वैद्यकात राबलेला माणूस पहिला आणि विभागप्रमुख शेवटी. हिग्जच्या वस्तुमानावरच्या २०१५च्या पेपरवर पाच हजारांहून जास्त नावं आहेत. त्यामुळे निवड समितीवरच्या वैद्यकाच्या प्राध्यापकाने गणिताच्या उमेदवाराला ‘तुमचं नाव तिसरं का?’ विचारणं हा निव्वळ विनोद आहे. तो आपल्याकडे होतो.

पेपर वाचायला पैसे लागतात का?

गणित-भौतिकशास्त्राचा पेपर असेल तर आर्काइव्हवर बहुतेक वेळा फुकट मिळतो. वैद्यकाचे बरेच पेपर ‘पबमेड सेंट्रल’वर खुले असतात. सरकारी महाविद्यालयात किंवा विद्यापीठात असाल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत जानेवारी २०२५ पासून सुमारे १३,००० नियतकालिकं उघडी झाली आहेत, ग्रंथपालांना विचारा. भारतीय पीएचडी प्रबंध ‘शोधगंगा’वर मिळतात. काहीच जमलं नाही तर लेखकाला दोन ओळींची ईमेल करा. आपला पेपर कोणीतरी मागतंय याचा लेखकांना जो आनंद होतो, तो बघण्यासारखा असतो.

मी कोनाचे तीन समान भाग कंपास आणि पट्टीने करून दाखवले आहेत. कुठे पाठवू?

कुठेही नको. सर्वसाधारण कोनासाठी ते अशक्य आहे, हे पिएर वान्त्सेलने १८३७ मध्ये सिद्ध केलं. ‘अजून कोणाला जमलं नाही’ आणि ‘कधीच कोणाला जमणार नाही’ यांत फरक आहे आणि ही दुसऱ्या जातीची गोष्ट आहे. तुमची आकृती फार जवळचं उत्तर देत असेल, ते वेगळं. एखाद्या कॉलेजच्या गणिताच्या शिक्षकांना दाखवा, चूक कुठे आहे हे शोधताना खरं गणित शिकाल.

छापलेला पेपर मागे घेतला जातो का?

हो. कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन घातक ठरतं असं सांगणारा ‘लॅन्सेट’मधला पेपर मे २०२० मध्ये आला आणि दोन आठवड्यांत मागे घेतला गेला, कारण नोंदी पुरवणारी कंपनी मूळ नोंदी दाखवायला तयार झाली नाही. पेपर उघडल्यावर पानाच्या वरच्या बाजूला ‘रिट्रॅक्टेड’ असा शिक्का आहे का ते आधी पाहा.

एका नियतकालिकाचे लोक पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापतो म्हणतात. पदोन्नतीसाठी चालेल का?

पैसे घेणं हे एकटं लक्षण पुरेसं नाही, अनेक चांगली खुली नियतकालिकंही लेखकाकडून शुल्क घेतात. आठवड्यात छापणं हे मात्र पुरेसं लक्षण आहे. गणितातला रेफरी वर्षभर उत्तर देत नाही म्हणून लोक रडतात. ज्याने आठ दिवसांत ‘उत्कृष्ट, बदल नकोत’ म्हटलं, त्याने वाचलेलं नाही. संपादक मंडळावरच्या एखाद्या प्राध्यापकाला ईमेल करून विचारा, आपलं नाव तिथे आहे हे त्यांनाच माहीत नसतं असंही निघतं.

पेपर वाचायचा कंटाळा येतो. एआयकडून सारांश घेतला तर?

पेपरची फाइल देऊन सारांश मागितलात तर सुरुवातीला मदत होते. नुसतं ‘या विषयावर संशोधन काय म्हणतं’ असं विचारलंत तर अस्तित्वात नसलेले पेपरही छान नावांसकट मिळू शकतात. प्रत्येक पेपरचा डीओआय, म्हणजे त्याला मिळालेला कायमचा ओळखक्रमांक, टाकून तो उघडतो का ते पाहा. उघडला तर सारांश राहू दे, पद्धती सांगणारा भाग स्वतः वाचा: किती जण, कुठले, किती काळ, किती मधेच गेले. वैद्यकाच्या पेपरमध्ये हा भाग साधारण दीड पानाचा असतो आणि त्याला बारावीचं गणितही लागत नाही.